निदान एवढे तरी

‘गाडी सुरू होत नाही’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी असतात. चावी फिरवली तरी काहीच होत नाही, ही पहिली. सेल्फ कण्हतो, इंजिन अर्धा फेरा घेते आणि अडते, ही दुसरी. सेल्फ जोमाने फिरतो, इंजिनही फिरते, पण स्वतःच्या बळावर चालू लागत नाही, ही तिसरी. आणि इंजिन चालू होते, चार क्षण चालते आणि बंद पडते, ही चौथी. चारही वेळा मालकाच्या तोंडी वाक्य तेच असते. म्हणून जुना मिस्त्री आल्याआल्या पान्याला हात घालत नाही. “एकदा सेल्फ मारा बघू,” असे म्हणून तो कान देऊन उभा राहतो. चारांतली तक्रार कोणती हे ठरले की शोधायची जागा तीन-चतुर्थांशाने कमी झालेली असते.

या शोधाला मराठीत ‘निदान’ हा नेमका शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण. वैद्यकातून तो रोगाचे मूळ ओळखणे या अर्थाने रूढ झाला. मराठीने त्याच शब्दाला आणखी एक अर्थ दिला: कमीत कमी. ‘निदान पाणी तरी घे’, ‘निदान एक फोन तरी करायचास’. जुन्या गाडीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. मूळ कारण सापडते ते बहुधा कमीत कमी गोष्टींना हात लावून, सोप्याकडून अवघडाकडे क्रमाने जाणाऱ्याला. आयुर्वेदात वाग्भटाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. बॉनेटखालच्या रोग्यालाही ती तिन्ही लागू पडतात.

जुनी गाडी म्हणजे कोणती, याचे महाराष्ट्रातले सर्वांत ओळखीचे उत्तर प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ही मूळची इटालियन गाडी बाहेर पडू लागली. तिचेच रूप पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी या नावाने ओळखले गेले. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यासाचे पिस्टन, ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, सगळे मिळून १,०८९ घनसेंटिमीटर. कार्ब्युरेटर, पॉइंट, कॉइल, इंजिनच्या अंगाला बसवलेला पेट्रोलचा पंप. संगणक कुठेही नाही. प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि साध्या पान्याने सुटतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी ही गाडी अनेक दशके चालवली, ती या उघडेपणाच्या जोरावर. पुढे लिहिलेला क्रम पद्मिनीसमोर ठेवून सांगितला असला, तरी अॅम्बेसेडरला आणि कार्ब्युरेटरच्या काळातल्या मारुती ८०० लाही तो थोड्याफार फरकाने चालतो.

पेट्रोल इंजिनाच्या गरजा चार आहेत. त्याला बाहेरून कोणीतरी पुरेशा वेगाने फिरवावे लागते. त्याच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल योग्य प्रमाणात जावे लागते. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, आणि थंड इंजिनाला पेट्रोल त्याहून बरेच जास्त. ते मिश्रण घट्ट दाबले जावे लागते. आणि दाबले गेलेल्या मिश्रणात ठरल्या क्षणी ठिणगी पडावी लागते. फिरणे, पेट्रोल, दाब, ठिणगी. या चारांपैकी एक जरी गैरहजर असेल तर गाडी सुरू होत नाही, आणि चारही वेळेवर हजर असतील तर ती सुरू झाल्याशिवाय राहत नाही. बॉनेटखाली पाचवे, गूढ असे काही नसते. घाबरलेल्या मालकाने हे वाक्य मनाशी धरून ठेवण्यासारखे आहे.

निदानाची सुरुवात प्रश्नांनी होते. गाडी शेवटची कधी चालली? बंद पडली ती हळूहळू बिघडत की एकाएकी? रात्रभर पाऊस होता का? किती दिवस एका जागी उभी होती? आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: त्यानंतर बॉनेटखाली कोणी काय केले? काल प्लग साफ केले आणि आज गाडी सुरू होत नसेल, तर दोष बहुधा कालच्या कामात असतो. पद्मिनीच्या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे. प्लगच्या दोन वायरी जागा बदलून बसल्या तर सगळे अवयव धडधाकट असूनही इंजिन फक्त कार्ब्युरेटरमधून फाट्‌फाट्‌ आवाज काढते. हळूहळू बिघडत गेलेली गाडी झीज सांगते, एकाएकी थांबलेली गाडी तुटलेली वायर सांगते आणि पावसानंतर अडलेली गाडी ओल सांगते. उत्तर खरे मिळाले तर अर्धे निदान जागच्या जागी होते.

मग दर्शन, आणि त्याबरोबर वास. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हातातले कडे आणि घड्याळ खिशात, ओढणी किंवा पदर खोचलेला. एवढी काळजी घेऊन बॉनेट उघडायचे आणि मिनिटभर काहीही न करता पाहायचे. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी दिसते का? एखादी वायर लोंबते आहे का, उंदराने कुरतडली आहे का? डिस्ट्रिब्यूटरचे झाकण घामेजले आहे का? कार्ब्युरेटरखाली ओला डाग आहे का? पेट्रोलचा उग्र दर्प येत असेल तर सेल्फ मारणे थांबवायचे, आधी गळती शोधायची, आणि आसपास कोणालाही काडी ओढू द्यायची नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून बॅटरीवर झुकून विडी ओढणाऱ्यालाही बाजूला व्हायला सांगायचे.

पहिल्या दोन तक्रारींचे, म्हणजे सेल्फ न फिरण्याचे किंवा कण्हण्याचे मूळ बहुतेकदा बॅटरी आणि तिच्या जोडण्यांत असते. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. काही तास स्वस्थ असलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. १२.२ म्हणजे बॅटरी जवळपास अर्धी रिकामी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेली. ‘बारा व्होल्टची बॅटरी आहे, मीटरवर बारा दिसतात, म्हणजे ठीक’ हा हिशेब त्यामुळे चुकीचा ठरतो. सेल्फ मारताना आकडा खाली उतरणारच. पण तो साडेनऊच्याही खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. मीटर जवळ नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे विझू-विझू झाले तर बॅटरी कमजोर आहे किंवा जोडणी सैल. दिवे लख्ख राहिले आणि सेल्फ मुका, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही.

बॅटरी रात्रीत उतरली असे मालक म्हणतो, तेव्हा साधा गुणाकार उपयोगी पडतो. पाच वॅटचा आतला दिवा जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. दहा तास राहिला तरी चाळीस अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीतले चार-पाचच अँपिअर-तास जातात. पंचेचाळीस वॅटचे दोन हेडलाइट मात्र साडेसात अँपिअर ओढतात आणि पाच तासांत तीच बॅटरी कोरडी करतात. आतल्या दिव्याने बॅटरी बसली असेल, तर दोष दिव्याचा नसतो. बॅटरी आधीच म्हातारी झालेली असते, दिवा केवळ निमित्त.

याच गुणाकाराने गाडीवाल्यांना सर्वाधिक चकवणारे एक कोडेही सुटते: दिवा लागतो, हॉर्न वाजतो, मग सेल्फ का फिरत नाही? सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर मागतो. बॅटरीच्या टर्मिनलवर गंज चढून तिथे एक ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ०.०२ ओहम अडथळा निर्माण झाला, तर दीडशे अँपिअर वाहताना त्या एका सांध्यात तीन व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फच्या वाट्याला नऊसुद्धा उरत नाहीत. त्याच सांध्यातून दिव्याचा अर्धा अँपिअर जाताना तोटा होतो तो व्होल्टच्या शंभराव्या भागाचा. दिव्याला अडथळा जाणवतही नाही, सेल्फचा जीव जातो. हेडलाइटची परीक्षाही यावर काही अंशी उतारा देते, पण खात्रीचा मार्ग एकच: सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्यावर कसलेल्या क्लँपवर टेकवायची. तिथे शून्याजवळ आकडा हवा. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या धातूपर्यंतच्या सगळ्या वाटेत व्होल्टच्या पाचव्या भागाहून जास्त गळती दिसली, तर अर्थची पट्टी काढून घासायला हवी. टर्मिनलवर कोमट पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओतून ब्रशने घासायचे, सोडा कप्प्यांत जाऊ द्यायचा नाही, कोरडे करून घट्ट आवळायचे आणि वरून व्हॅसलीन लावायचे. पद्मिनीत ऋण टोक अर्थला असते, म्हणून काढताना ऋण आधी आणि जोडताना ऋण शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तरी मग ठिणग्या उडत नाहीत. नवी बॅटरी घेण्याआधी निदान एवढे तरी करावे.

जोडण्या चोख आणि बॅटरी भरलेली वाटत असूनही सेल्फ फिरत नसेल, तर आवाज ऐकायचा. नुसता एक ‘टक्‌’ म्हणजे सोलेनॉइड ओढला जातो पण त्याचे संपर्क जळलेले आहेत, किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश झिजून अडकले आहेत. सेल्फच्या अंगावर पान्याने हलके ठोकल्यावर तो फिरला तर ब्रशचा संशय पक्का होतो. ओळीने ‘टकटकटक’ म्हणजे पुन्हा बॅटरीच. सेल्फ नुसता घुंई करत फिरतो आणि इंजिन जागचे हलत नाही, याचा अर्थ त्याचा दात असलेला गिअर फ्लायव्हीलच्या कड्यात शिरत नाही. कधी तो शिरून अडकून बसतो. तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, चावी बंद ठेवून, मागे-पुढे हलवली की तो सुटतो. आणि गल्लीतल्या चार माणसांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली, तर ती केवळ मदत नसते, परीक्षाही असते. धक्क्याने सुरू झालेल्या गाडीत पेट्रोल, दाब आणि ठिणगी ठीक आहेत. दोष बॅटरी ते सेल्फ या वाटेवरच आहे.

सेल्फ जोमाने फिरतो आणि इंजिन तरीही बोलत नाही, ही तिसरी तक्रार सर्वांत रसाची. इथे साक्ष काढायची ती प्लगची. काही वेळ सेल्फ मारून झाल्यावर एक प्लग खोलून हातात घ्यायचा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगीकडे बघा. तो कोरडा खडखडीत असेल तर ठिणगी नंतर, आधी पेट्रोल कुठे अडले ते शोधा. काळ्या भुकटीने माखलेला प्लग जास्त पेट्रोल सांगतो, तेलकट प्लग झिजलेल्या रिंगा सांगतो. एक प्लग वाचता आला की पुढचा अर्धा तास वाचतो.

ठिणगीची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचे श्रेय अमेरिकेतल्या डेटन शहरच्या चार्ल्स केटरिंग यांना जाते. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फही त्यांच्याच कंपनीने दिला. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, या नावाच्या आद्याक्षरांतून ‘डेल्को’ हा शब्द झाला. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला आजही सर्रास ‘डेल्को’ म्हणतात, तो हाच शब्द. पद्धत अशी: बॅटरीची वीज कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून पॉइंटकडे येते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकत्व साठते. पॉइंट उघडले की ते एकदम कोसळते आणि कॉइलच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-वीस हजार व्होल्टचा झटका तयार होतो. रोटर तो झटका पाळीच्या प्लगकडे पोचवतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला तीन हजार फेरे असतील तर पॉइंट मिनिटाला सहा हजार वेळा उघडतात. एवढे काम करणारा तुकडा नखाएवढ्या धातूचा असतो, आणि म्हणून तो झिजतो.

परीक्षा मधून सुरू करायची. कॉइलमधून डेल्कोच्या मधोमध येणारी जाड वायर झाकणातून काढायची, तिचे टोक रबरी मुठीच्या पक्कडीत धरून इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवायचे आणि सेल्फ मारायचा. पेट्रोलचा वास किंवा गळती असताना हे मुळीच करायचे नाही. निळसर, कडाडणारी ठिणगी पडली तर कॉइल आणि पॉइंट निर्दोष. बिघाड त्यापुढे, झाकण, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये. ठिणगी नाहीच, किंवा पिवळट मरतुकडी, तर बिघाड अलीकडे. एका परीक्षेने सगळी वाट दुभागली जाते.

अलीकडच्या भागासाठी बारा व्होल्टचा छोटा टेस्ट लॅम्प पुरतो. चावी चालू करून तो कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला लावायचा; उजळला नाही तर चावी किंवा फ्यूजपासूनची वायर तपासायची. उजळला तर तो कॉइलच्या दुसऱ्या, डेल्कोकडच्या टोकाला लावून सेल्फ मारायचा. पॉइंट उघडताना दिवा लागतो, मिटताना विझतो. लुकलुकला तर पॉइंट काम करतात. सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर काजळी आहे किंवा आतली बारीक वायर तुटली आहे. अजिबात लागला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर आतून जोडला जाऊन वीज थेट अर्थला जाते आहे. पॉइंटची फट पद्मिनीत मिलिमीटरच्या चार-पाच दशांशांइतकी लागते, प्लगची सुमारे सहा दशांश. फीलर गेज हाताशी नसेल तर मिस्त्री प्लगच्या फटीत हॅक्सॉचे ब्लेड घालून पाहतात; त्याची जाडी साधारण ०.६५ मिलिमीटर असते. पॉइंट वारंवार जळून खड्डे पडत असतील तर पॉइंट बदलत राहण्याऐवजी कंडेन्सर बदलावा, कारण पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी गिळणे हेच त्याचे काम आहे.

पलीकडच्या भागाचा शत्रू कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे: पावसाळा. डेल्कोच्या झाकणात ओल शिरली की वीस हजार व्होल्टना प्लगच्या वाटेने जाण्यापेक्षा ओल्या पृष्ठभागावरून सरकणे सोपे जाते. झाकण काढून आतबाहेर कोरड्या फडक्याने पुसले, रोटरचे टोक पुसले आणि वायरी कोरड्या केल्या, की जुलैतल्या सकाळी अडलेल्या कितीतरी गाड्या चालू होतात. झाकणाच्या आत पेन्सिलच्या रेघेसारखा काळा मार्ग दिसला तर मात्र पुसून भागत नाही. ती रेघ कोळशाची असते, वीज तिच्यावरून पुन्हा पुन्हा जाते, आणि झाकण बदलावे लागते.

प्लग कोरडा निघाला असेल तर वाट पेट्रोलची. इथेही आधी सगळ्यात सोपे: टाकीत पेट्रोल आहे का? जुन्या गाडीचा काटा अर्ध्यावर अडकून बसलेला असू शकतो, म्हणून गाडी हलवून टाकीतला आवाज ऐकायचा. टाकीचे झाकण उघडताना ‘फुस्स’ झाले तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. आत पोकळी होऊन पंपाला पेट्रोल ओढवत नव्हते. मग एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहायचे आणि दुसऱ्याला अॅक्सिलरेटर दाबायला सांगायचे. पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे. नाही दिसली तर पंपाकडून येणारी नळी काढून बाटलीत सोडायची आणि सेल्फ मारायचा. ठोक्याठोक्याने पेट्रोल यायला हवे. गॅरेजमध्ये या पंपाला ‘एसी पंप’ म्हणतात. त्याच्या आत रबरी पडदा असतो आणि तो फाटला, कडक झाला की पंपाची ओढ संपते. पंप आणि टाकी यांच्यामधली रबरी नळी तडकली तर बाहेर थेंबही गळत नाही, कारण त्या बाजूला दाब नसून ओढ असते. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. ही तडक डोळ्यांना फसवते, म्हणून नळी वाकवून पाहावी. गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. त्या प्रमाणासाठी न घडवलेले जुने रबर त्यात लवकर खराब होऊ शकते, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषते. पद्मिनीच्या मालकाने म्हणून नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घेणे शहाणपणाचे. अनेक महिने उभ्या गाडीत पेट्रोलमधला हलका भाग उडून गेलेला असतो आणि उरलेल्याचा चिकटा जेटच्या केसाएवढ्या भोकात बसतो. तिथे जुने पेट्रोल काढून नवे भरणे आणि जेट हवेने फुंकणे हाच इलाज. जेटमध्ये तार घालू नये. भोक मोठे झाले की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

उलट दोषही तितकाच नेहमीचा. चोक ओढून, अॅक्सिलरेटर पंपासारखा दाबत राहिल्याने सिलिंडर पेट्रोलने भिजतात आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. अशा वेळी चोक आत सारायचा, दहा मिनिटे थांबायचे, मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून, तो न हलवता, सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा आत जाऊन पेट्रोल सुकते. तरीही प्लग पुन्हा भिजत असतील तर कार्ब्युरेटरमधला फ्लोट बुडाला आहे किंवा नीडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे.

निदानात सर्वांत कठीण ती गाडी, जी मिस्त्री पोचेपर्यंत बरी होते. मे महिन्यातली दुपार, कसाऱ्याचा चढ, गाडी तापते आणि थांबते. अर्ध्या तासाने सावलीत निवते आणि काहीच झाले नव्हते अशी सुरू होते. याची दोन मुख्य कारणे आहेत आणि वरून ती अगदी सारखी दिसतात. एक, पंपाच्या आसपास पेट्रोलची वाफ होऊन नळीत तिचा बुडबुडा अडतो. दुसरे, कॉइलची बारीक तार गरम झाल्यावर आतल्या आत सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. यांतला फरक कळतो तो फक्त गाडी अडलेली असताना. त्याच क्षणी ठिणगी तपासायची. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा आहे, तर पंपावर ओले फडके ठेवायचे. गाडी सुरू झाली तर वाफच होती. ठिणगी नाही, तर तापलेली कॉइल बदलायची. निवलेल्या गाडीपाशी हा पुरावा उरत नाही, आणि म्हणून अशा गाड्यांचे पंप आणि कॉइल दोन्ही विनाकारण बदलले जातात.

राहिला दाब, आणि ठिणगीची वेळ. हे शेवटी येतात कारण ते एका रात्रीत क्वचितच बिघडतात; अपवाद टायमिंग चेन तुटण्याचा. तेव्हा सेल्फचा आवाज एकदम हलका आणि एकसुरी होतो, दाबाचे ठोके त्यातून नाहीसे होतात. डेल्कोचे झाकण काढून सेल्फ मारल्यावर रोटर फिरत नसेल तर चेन किंवा डेल्कोला फिरवणारा गिअर गेला. खात्री करायला एवढे पुरते. रोटर फिरतो, पण डेल्कोचा क्लँप सैल होऊन सगळा डेल्कोच जागचा वळला असेल, तर ठिणगी पडते, पण चुकीच्या क्षणी. दाब मोजायचा तर सगळे प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचा. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा पुष्कळ कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा गॅस्केट उडाले आहे. चौथी तक्रार, म्हणजे सुरू होऊन बंद पडणारी गाडी, ही याच वाटांची बेरीज असते: थोडेच पेट्रोल येणारी नळी, चोक आत सारल्यावर हवा खाणारे मॅनिफोल्डचे गॅस्केट, किंवा सेल्फ मारताना वीज पोचवून चावी सोडताच ती तोडणारा चावीचा स्विच.

या सगळ्या क्रमाचा एक नियम कधीच मोडायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लगेच सेल्फ मारून पाहायचे. प्लग, पॉइंट, कॉइल आणि बॅटरी एकदम बदलून सुरू झालेली गाडी मालकाला काही शिकवत नाही; चारांतला अपराधी कोण हे कळत नाही, आणि तीन निरपराध भाग भंगारात जातात. भाग बदलणे आणि निदान करणे यांतले अंतर इथे आहे. पहिल्याला पैसे लागतात, दुसऱ्याला सबुरी.

ही सबुरी ज्यांच्या हातात होती ते मिस्त्री आता थोडे उरले आहेत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी, फियाट डिलाइट, अॅम्बेसेडर अजून घराघरांत जपल्या जातात, पण पॉइंटचा गॅप बोटाने ओळखणारा माणूस तालुक्याच्या गावीही शोधावा लागतो. गाड्या टिकवायच्या तर ही विद्या टिकवावी लागेल, आणि ती टिकेल ती लिहून ठेवल्याने.

म्हणून गाडी सुरू झाल्यावर बॉनेट लगेच मिटू नये. इंजिन जरा वेगाने चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावावा, १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर बॅटरी भरते आहे, आणि नाही आला तर उद्याची तक्रार आजच कळली. मग गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवून तिच्यात चार ओळी लिहाव्यात: तारीख, तक्रार, काय तपासले, काय निघाले. पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा माणूस कोणीही असो, त्याच्या हातात निदान एवढे तरी असावे.